देवाचं सूप

“देवाचं सूप निघाल्याबिगर राशीले हात लावू नको, सुभद्रे. पयले त्याचं, मंग आपलं.”

सासूबाईंना जाऊन गव्हाचे कितीतरी हंगाम उलटले होते, पण सोंगणीला, गहू कापायला सुरुवात झाली की हा आवाज सुभद्राच्या कानाशी येऊन बसायचा. सासू बोलायची ती वावराच्या धुऱ्यापलीकडे ऐकू जायची. सुभद्राचं तसं नव्हतं. ती इतकं हळू बोलायची की तिचं ऐकायला घरातल्यांना हातातलं काम थांबवावं लागे. पहाटेची आंघोळ, तुळशीला पाणी, मारुतीला दिवा, आणि ते झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब नाही. लग्न होऊन या गावात आल्यापासूनचा नेम. बाळंतपणातसुद्धा तिनं दुसऱ्या बाईच्या हातानं का होईना, दिवा लावून घेतला होता.

यंदा गहू घरात येतो की नाही, हीच धास्ती होती. पेरणीच्या वेळी परतीचा पाऊस हटेना. वावरात पाय घातला की काळी माती पोटरीपर्यंत धरून ठेवायची. पेरणी मागे पडली. थंडी पाहिजे होती तेव्हा आभाळ झाकलेलं, आणि ओंबीत दूध भरायच्या दिवसांत ऊन असं तापलं की दाणा भरता भरता आकसला. सुभद्राचा मुलगा गजेंद्र रोज सकाळी मोबाइल पाहून सांगायचा, आज वादळी वारा, उद्या गारपीट. आभाळ यायचं, गुरगुरायचं आणि दुसऱ्याच तालुक्यावर जाऊन पडायचं. तिचे यजमान खुशालराव वैतागून म्हणायचे की तुझ्या मोबाइलनं पाडलेला पाऊस साठवला असता तर विहीर काठोकाठ भरली असती.

गावात बहुतेकांनी हार्वेस्टर लावला. शेषरावांचा गहू तर एका दुपारीत निघाला आणि ट्रॉलीतून थेट गोदामात जाऊन पडला. पण हार्वेस्टर दाणा देतो, कुटार, म्हणजे गुरांचा भुसा, वावरात उधळून जातो. खुशालरावांच्या गोठ्यात बैलजोडी होती, एक म्हैस होती, आणि उन्हाळा पुढे उभा होता. म्हणून त्यांच्या वावरात विळाच लागला.

सोंगायला सुभद्रा, सून प्रणाली आणि माळ्याची पार्वताबाई अशा तिघी बसल्या. पार्वताबाई एरवी डोक्यावर टोपली घेऊन भाजी विकणारी. फेब्रुवारीच्या उन्हानं तिची मेथी-पालक उभी वाळली, तेव्हापासून जिथं विळा चालेल तिथं ती होती. करंगळीजवळच्या बोटाला चिंधी बांधलेली, चिंधीवर रक्ताचा वाळलेला डाग. गव्हाचं कुसळ मानेत, दंडात, चोळीच्या शिवणीत शिरायचं. घामानं ते जास्तच चरचरायचं. बसून बसून पुढे सरकताना गुडघ्यांतून कट्कट् आवाज यायचा, आणि दर पातीच्या शेवटी तिघींपैकी एकजण कंबरेवर हात देऊन उठायची, ती पूर्ण उभी राहायला वेळच लागायचा. खुशालराव धुऱ्यावर उभे राहून पेंढ्या नीट बांधा म्हणून सांगत होते.

“भाऊ, तुमाले देवानं वाकाचंच विसरून पाठवलं का?” पार्वताबाई मान न उचलता म्हणाली. प्रणाली हसली. खुशालराव गपचूप पेंढ्या वाहायला लागले.

दुपारच्या भाकरीला बाभळीखाली बसल्यावर पार्वताबाईनं मनातलं काढलं. मजुरीचे पैसे नको, गहू पाहिजे होता, राशीचा, निवडक. तिची एकुलती लेक दामिनी सातव्या महिन्याची ओटी भरून घ्यायला माहेरी यायची होती. दामिनीच्या सासूनं आधीच टोमणा मारून ठेवला होता की माहेरच्या ओटीत रेशनचेच गहू पडायचे. पार्वताबाईचा नवरा, नत्थुजी, मागच्या वर्षी गेला. भाऊबंदांनी तेव्हापासून तिच्या दारात पाऊल ठेवलं नव्हतं, आणि तिच्या स्वतःच्या हातानं तर ओटी चालायची नाही.

“जलम दिला म्या,” ती म्हणाली, “अन् ओटी भराले माहे हात चालत नाई. तू भरशीन का, माय?”

सुभद्रानं भाकरीचा घास खाली ठेवला.

“मी येईन. माह्या हातानं भरीन, याच गव्हानं.”

पार्वताबाईला नीट ऐकू गेलं की नाही कोण जाणे, म्हणून प्रणालीनं मोठ्यानं सांगितलं, “येतो म्हंते, मावशी. आई हळू बोलते, पन बदलत नाई.”

सोंगणी झाली, पेंढ्या सुकल्या आणि थ्रेशरवाला आला. दिवसभर धूळ, खोकला, डोळ्यांत भुसा. संध्याकाळी एकीकडे कुटाराचा डोंगर आणि शेणानं सारवलेल्या खळ्यावर गव्हाची रास. दाणा बारीक होता, अपेक्षेपेक्षा कमीच होता, पण रंग मधासारखा होता. सुभद्रानं चपला लांब काढल्या, राशीत विळा रोवला, हळदी-कुंकू वाहिलं आणि पहिलं सूप भरून बाजूला केलं.

खुशालरावांनी आभाळाकडे पाहत कट्टे पुढे ओढले. रात्रीपर्यंत सगळं भरून घरी नेऊ, म्हणाले. सुभद्रानं नकारार्थी मान हलवली.

सासूबाई होत्या तेव्हा यात काही अडचण नव्हती. रास झाली की सूप त्याच संध्याकाळी मारुतीच्या पायाशी जायचं आणि लगेच पोती भरायला घ्यायची. पण अलीकडे देवळात सप्ताहाची समिती झाली होती. शेषराव तिचे अध्यक्ष. आता नव्या गव्हाची सुपं फक्त सप्ताहाच्या शेवटी, काल्याच्या दिवशी घ्यायची, कीर्तनाला येणाऱ्या मोठ्या महाराजांच्या हाती, व्यासपीठावर, माइकवरून नाव घेऊन. खुशालराव जाऊन विचारून आले होते. आधी आणलेलं सूप परत न्यावं लागेल, असं समितीतल्या बंडूनं सांगितलं होतं. आणि काला अजून लांब होता.

“कट्टे भरून ठेवू न. देवाले काय समजते?” खुशालराव म्हणाले.

“त्याले समजते,” सुभद्रा म्हणाली.

खुशालरावांनी कट्टे बाजूला सारले. तिच्या नेमांपुढे ते कधीच बोलत नसत. शिवाय भीती कशाची होती? मागच्या दिवाळीला त्यांनी अचलपूरहून जाड, नवी, दुपदरी ताडपत्री आणली होती. रास झाकली, कडेनं दगड ठेवले. सूप सुभद्रानं डोक्यावरून घरी नेलं आणि देवघरात पाटावर ठेवलं.

तीच ताडपत्री मागायला दुसऱ्या दिवशी शेषराव आणि बंडू ट्रॅक्टर घेऊन खळ्यावर आले. मांडव अपुरा पडत होता. कीर्तनाला बाया उन्हात बसत होत्या, काल एकजण चक्कर येऊन पडली. खुशालराव राशीकडे पाहत राहिले. देऊन टाका, असं सुभद्राच म्हणाली. उन्हात बसलेल्या बायांचं नाव काढल्यावर तिला नाही म्हणवेना.

शेषरावांनी हात जोडले. “वहिनी, ढगाचा तुकडा दिसला का पयली तुमची ताडपत्री सोडतो. माहा शब्द हाय.”

ट्रॅक्टर गेला. राशीवर जुनी, ठिगळांची ताडपत्री आली, ती अर्ध्यालाच पुरली. बाकी अंगावर त्यांनी गोणपाटं घातली आणि वरून कुटार पसरलं.

मग एके दिवशी दुपार कलल्यावर पश्चिमेकडून आभाळ चढलं. नेहमीसारखं पांढुरकं नव्हतं. तव्याच्या बुडासारखं होतं आणि खाली पिवळी कड होती. बैलांनी वैरणीतून तोंड काढलं. वारा पडला. गजेंद्र सकाळीच मोटारसायकलनं वलगावला गेला होता, दुसरी ताडपत्री मिळते का पाहायला. त्याचा फोन आला की दुकानांत एक उरली नाही, सगळा मुलूख ताडपत्री घ्यायला धावला आहे, आणि तिकडे थेंब सुरू झालेत.

खुशालराव चपला घालून उभे राहिले आणि तसेच थांबले. कीर्तन चालू असेल, भर कीर्तनात कसं मागावं, असं काहीतरी पुटपुटले. सुभद्रानं पदर खोचला आणि ती निघाली. मागून ते आलेच.

मांडवाजवळ पोचल्यावर ती आधी बाया बसल्या होत्या तिकडे गेली. बाया उघड्यावरच बसल्या होत्या. डोक्यावर पदर, पदरावर हात, आणि आता ऊन गेल्यामुळे हायसं वाटून सैल झालेल्या. वर कापडाचा तुकडाही नव्हता. ताडपत्री देवळाच्या मागच्या बाजूला सापडली. चार बांबूंवर ताणून बांधलेली, आणि तिच्या खाली मोठ्या महाराजांची पांढरी गाडी.

सुभद्रा पुढे झाली. मग तिनं जवळच्या बांबूची गाठ सोडायला घेतली. दोरी नवी होती, गाठ आवळलेली होती. तिनं दात लावले.

बंडूनं धावत येऊन दोरी धरली. मागोमाग शेषराव आले, गळ्यात उपरणं, कपाळाला गंध. त्यांच्याबरोबर चार-दोन माणसं.

“भाऊजी, आभाळ भरून आलं,” सुभद्राच आधी बोलली. “रास उघडी हाय.”

शेषरावांनी वर पाहिलं. ढगानं अर्धं आभाळ व्यापलं होतं. ते हसले. हे रोजचंच आहे, म्हणाले, येते अन् जाते. गाडीवर चिंचेचा पाला पडतो, पाखरं घाण करतात. महाराजांना काय वाटेल? कीर्तन होऊ द्या, मग बंडूला पाठवतो.

“तुमी शब्द देला होता.”

तिचा आवाज कोणाला ऐकू गेला नाही, किंवा गेला तरी कोणी दाखवलं नाही. शेषराव मात्र मोठ्यानं बोलले, मागच्या माणसांना ऐकू जाईल असे.

“देवाच्या दारात माणूस द्याले येते. तुमी तं नेऊन राह्यल्या.”

माणसं हसली. एकजण म्हणाला की वहिनींचा नेम मोठा, ताडपत्री त्याहून मोठी. बायांमधून दोघी-तिघी मान वळवून पाहू लागल्या. सुभद्राच्या दातांत दोरीचा काथ्या अडकला होता. तो तिला थुंकताही येईना.

आणि तेवढ्यात खुशालरावांनी हात जोडले. तिच्याकडे न पाहता, शेषरावांकडे. “मनावर घेऊ नका, भाऊ. घाबरली हाय थे,” म्हणाले, आणि तिच्या दंडाला धरून तिला वळवलं. पंचवीस वर्षांच्या संसारात त्यांनी तिला चारचौघांत हात लावला नव्हता. लावला तो असा.

दोघं वावराच्या वाटेला लागले तेव्हाच पहिला टपोरा थेंब तिच्या मानेवर पडला, कुसळानं सोललेल्या जागी.

वारा आधी आला. त्यानं जुनी ताडपत्री उचलून बाभळीवर टाकली. कुटार उडालं, गोणपाटं उलटली. प्रणाली आधीच खळ्यावर पोचली होती आणि राशीवर पालथी पडून दोन्ही हातांनी गोणपाट धरून होती. घरातून धावताना तिनं गोधड्या आणल्या होत्या, लग्नातलं ब्लँकेट आणलं होतं. तिघांनी मिळून ते सगळं राशीवर घातलं आणि कडांवर बसले. पाऊस आडवा येत होता. त्यात गारा होत्या, हरभऱ्याएवढ्या, डोक्यावर, बोटांच्या पेरांवर ठोके देणाऱ्या. गोधडी भिजून दगडासारखी जड झाली आणि पाणी तिच्यातून गाळून खाली उतरायला लागलं. वरून आलेलं एकवेळ अडवता आलं असतं. पण खळ्याच्या वरच्या अंगाला पाणी तुंबलं, शेणाचा सारवा फुटला आणि लाल-काळं पाणी राशीच्या बुडाखाली शिरलं. खुशालराव फावड्यानं चर काढत होते, घसरून पडत होते, पुन्हा काढत होते.

फार वेळ नाही पडला. पडला तेवढा पुरला. उघडल्यावर सुभद्रानं राशीत कोपरापर्यंत हात घातला. आत ओल होती. मूठ बाहेर काढली तर दाणे बोटांना चिकटून आले.

त्यानंतर काल्यापर्यंत आभाळ नीट उघडलंच नाही. घरात, ओट्यावर, खाटांवर, जिथं जागा मिळेल तिथं गहू पसरला. उलथून उलथून प्रणालीच्या तळव्यांना भेगा पडल्या. ऊन घटकाभर यायचं आणि जायचं. दाण्याचा मधासारखा रंग गेला, तो चुनकट पांढरा पडला. मग टोकाला काळपट ठिपका आला आणि मग, खालच्या थरात, पांढरे कोंब. घरभर आंबूस वास भरला. गुरांना घालता येईल, माणसानं खायचा तर चाळून, धुवून, नाइलाजानं.

येणारे-जाणारे दारात थांबून हळहळत होते. देवाची मर्जी, म्हणत होते. खुशालरावही तेच म्हणायला लागले. एका सकाळी खाटेवरचा गहू उलथता उलथता त्यांनी पुन्हा म्हटलं, की देवाच्या मनात नव्हतं.

सुभद्राचा हात थांबला.

“पाऊस देवानं पाडला,” ती म्हणाली. “ताडपत्री देवानं नाई नेली.”

या वेळी ती हळू बोलली नव्हती. ओसरीवर बैलाची वेसण वळत बसलेल्या गजेंद्रनं मान वर केली. खुशालराव खाटेच्या कडेवर बसले. “तुमी हात जोडले,” ती पुढे म्हणाली, “माह्या चुकीसाठी. माही चूक कोणती होती, थे सांगा.” ते मुठीतल्या गव्हातले कोंब वेचू लागले.

त्या दिवसांत तिचा नेम चुकला नाही. पहाटे ती देवळात जायची, दिवा लावायची आणि परत यायची. फक्त आधी ती मारुतीशी मनातल्या मनात बोलायची, ते बोलणं बंद झालं होतं. जाता-येता देवळामागे पांढरी गाडी दिसायची, कोरडी, आणि तिच्यावर त्यांची ताडपत्री.

पार्वताबाई एकदा येऊन गेली. ओट्यावर पसरलेला गहू तिनं पाहिला, वास घेतला, आणि काही मागितलं नाही. दामिनी आली आहे एवढंच सांगितलं. शुक्रवारी सकाळी ओटीचा मुहूर्त काढला होता, आता राहू दे, लेकीला समजावते, म्हणाली. जाताना ती खाली बसून थोडा वेळ गहू उलथू लागली, जणू त्याचसाठी आली होती.

शुक्रवारीच काला होता.

सकाळपासून माइक सुरू होता. कोणाचं सूप आलं, कोणाच्या नावानं आलं, ते गावभर ऐकू येत होतं. हार्वेस्टरवाल्यांची नावं आधी होती. थोड्या वेळानं शेषराव स्वतः दारात आले. बंडूच्या खांद्यावर घडी केलेली ताडपत्री होती. ती त्यानं ओसरीवर टाकली. मधोमध, गाडीच्या टोकानं फाटलेली, वीतभर चीर होती.

शेषराव दुःखाचं बोलले. वेळ कोणाला सांगून येत नाही, म्हणाले. पण खुशालरावांच्या घरचं सूप पिढ्यान्‌पिढ्याचं, ते चुकायला नको. नाव पहिलं घेऊ, महाराजांच्या हातून प्रसाद देऊ. गावात उगाच बोलणं नको.

देवघराचं दार उघडंच होतं. पाटावरचं सूप ओसरीवरून दिसत होतं. त्यातला गहू तसाच होता, मधाच्या रंगाचा, कोरडा, या घरातला तेवढाच.

सुभद्रा दारात आली. “त्या दिवशी आभाळ भरलं होतं का नवतं?” तिनं विचारलं. “येवढंच सांगा, भाऊजी.”

शेषराव म्हणाले की झालं ते झालं. म्हणाले की देवाच्या कामात अशा गोष्टी मनात धरू नयेत. मग त्यांनी खुशालरावांकडे पाहिलं, त्या दिवशीसारखं.

खुशालराव उठले. ताडपत्रीची चीर त्यांनी बोटांनी जुळवून पाहिली, ती जुळली नाही.

“सूप तिचं हाय,” ते म्हणाले. “थे म्हणन तिकडे जाईन.”

शेषराव वळले आणि गेले. बंडू जाताना मागं वळून पाहत होता. गजेंद्रनं त्यांच्यामागे फाटक लावून घेतलं.

सुभद्रा देवघरात गेली. सुपापुढे बसली. बऱ्याच दिवसांनी ती मारुतीशी बोलली, ओठ हलवून.

“तुह्या मांडवात आज सारं गाव हाय. तिच्या दारात कोणी नाई. रागवायचं तं माह्यावर रागव. तुले पुढच्या राशीचं देईन.”

तसबिरीतला मारुती डोंगर उचलून होता तसाच राहिला. तिनं ते होकार समजून घेतलं असं नाही. तिनं वाट पाहिली नाही, इतकंच.

मग तिनं सूप ओसरीवर आणून पाखडलं. एकेक खडा वेचला. कपाटातून न वापरलेला हिरवा खण काढला, नारळ घेतला, हळदी-कुंकवाच्या डब्या पदरात बांधल्या. प्रणालीनं न सांगता दिवाळीचं लुगडं पुढे केलं. खुशालरावांनी नारळाची शेंडी सारखी केली आणि तिच्या हाती दिला. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाले की पार्वताबाईला सांग, सोंगणीचे तिचे गहू माझ्याकडे बाकी आहेत, पुढच्या हंगामाला पहिली रास तिची. सुभद्रानं त्यांच्याकडे पाहिलं. ते बैलाकडे पाहत होते.

ती निघाली तेव्हा माइकवरून खुशालरावांचं नाव पुकारलं जात होतं, एकदा, मग पुन्हा. सूप पदराखाली कंबरेशी धरून ती देवळासमोरून गेली. मांडवाच्या कडेला उन्हात बसलेल्या बायांनी सरकून तिला वाट करून दिली, आत यायला. ती आत वळली नाही. चपला काढून रस्त्यातच उभी राहिली. हात मोकळे नव्हते, म्हणून नुसती मान लववली. मग चपलेत पाय घातला आणि माळ्यांच्या गल्लीकडे चालू लागली. पाऊल हळू टाकत होती, सुपातला दाणा सांडू नये म्हणून.